मुदतवाढ

दूरचित्रवाणीवरील प्रत्येक मालिकेला अखेरच्या अशा दोन तारखा असतात. पहिली वाहिनीच्या दप्तरी रीतसर दाखल असते. त्या दिवशी चित्रीकरणाच्या जागी केक कापला जातो, कलावंत परस्परांना मिठ्या मारतात, आणि गेली पाच वर्षे एकमेकींच्या दुधात काहीबाही कालवण्यात ज्यांचा जन्म गेला त्या जावा एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून मनमोकळेपणाने रडतात. दुसरी तारीख मात्र कोणत्याही दप्तरात सापडायची नाही. अमुक एका घरातील अमुक एका गृहिणीने, भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजल्याचे धडधडीत पाहूनही, ज्या दिवशी संच लावला नाही, आणि आपण तो लावला नाही ही गोष्ट जिच्या स्वतःच्याही ध्यानात आली नाही, त्या दिवसाची ती तारीख होय. या दोन तारखांच्या दरम्यान कधी सहा महिने लोटतात, कधी चार वर्षे. आणि त्या अवधीत मजकूर मालिका हयात होती किंवा कसे, हा प्रश्न एखाद्या निष्णात वकिलासही विचारात पाडील.

जुन्या दूरदर्शनच्या अमदानीत हा पेच सहसा उद्भवत नसे, कारण त्या काळी मालिकेला मुदत असे. आठवड्याला एक भाग आणि एकंदर तेरा भागांची मंजुरी, असा तो सरकारी शिरस्ता. तेराच का, तर वर्षाच्या बावन्न आठवड्यांचे चार तिमाह्यांत वाटप केले म्हणजे वाट्याला तेरा येतात, एवढेच त्यामागील तत्त्वज्ञान. या तेरा भागांत नायकाला नोकरी लागायची, बहिणीचे लग्न जमायचे, वडिलांचा अहंकार गळून पडायचा आणि शक्य झाल्यास राष्ट्रीय एकात्मताही साधायची. त्यामुळे पात्रांना एकमेकांकडे टक लावून पाहत बसण्यास मुळी सवडच नसे. अधिक भाग हवे असतील तर निर्मात्याने दिल्लीस मंडी हाउस येथे जाऊन मुदतवाढीचा अर्ज करावा आणि तेथील व्हरांड्यांत तिष्ठत बसावे, अशी वहिवाट होती. खुद्द रामानंद सागर यांच्या ‘रामायणा’सही १९८७ साली बावन्न भागांचीच मंजुरी मिळाली होती, आणि ती वाढत वाढत अठ्ठ्याहत्तरांवर गेली; म्हणजे जो वनवास कैकेयीने एका वाक्यात आणि कोणाचीही सही न घेता चौदा वर्षांचा ठरवून टाकला, तो पडद्यावर पुरा व्हावयास मात्र केंद्र सरकारच्या हुकमाची गरज पडली.

त्या प्रकरणाचा पुढला भाग तर आजच्या वाहिन्यांच्या चालकांनी चौकटीत बसवून कचेरीत लावावा असा आहे. राज्याभिषेक झाला, मालिका आटोपली, आणि उत्तरकांड गाळले म्हणून उत्तर हिंदुस्थानातील वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी १९८८ साली संप पुकारला. शहरांतून कचऱ्याचे ढीग साचले, सरकारचे नाक दाबले गेले, आणि ‘उत्तर रामायण’ पडद्यावर आले. पुढचा भाग दाखवा म्हणून प्रेक्षकांनी संप करावा, ही घटना जगाच्या इतिहासात पुनश्च घडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुढचा भाग दाखवू नका म्हणून असा संप होण्याचा संभव आज अधिक. संस्कृत साहित्यातही उत्तरार्धाने पूर्वार्धावर मात केल्याचे ठळक उदाहरण रामकथेचेच सांगता येते. भवभूतीने अगोदर ‘महावीरचरित’ लिहिले आणि मग ‘उत्तररामचरित’, आणि रसिकांनी कौल दिला तो दुसऱ्यास. परंतु भवभूतीला दर गुरुवारी कोणी प्रेक्षकसंख्येचे आकडे पाठवीत नसे, हे विसरून चालणार नाही.

पुढे खासगी वाहिन्या आल्या, आठवड्याचा एक भाग होता त्याचे सहा झाले, रविवारी ‘महाएपिसोड’ नावाचा सातवा त्यांच्या मदतीस धावू लागला, आणि मुदत ही कल्पनाच लयास गेली. ई टीव्ही मराठीवर २००१ साली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका सुरू झाली. मथळ्यावर विसंबून ज्यांनी चार दिवसांची सोय करून ठेवली होती त्यांची काय गत झाली असेल याची कल्पनाच करावी, कारण सासूचे ते चार दिवस २०१३ साली, तीन हजारांहून अधिक भाग उलटल्यावर संपले. सुनेच्या चार दिवसांस त्याच प्रमाणाने अवधी द्यावयाचा म्हटला असता तर तोही एव्हाना उलटून गेला असता. रोहिणी हट्टंगडी यांच्यासारखी अव्वल दर्जाची नटी घरात असल्यावर सासूने इतके दिवस मुक्काम का करू नये, असे कोणी विचारल्यास मी निरुत्तर होईन. तरीही तीन हजार ही संख्या अशी आहे की तिच्यापुढे माणसाची निष्ठा नव्हे, तर केवळ आयुर्मान कसोटीस लागते.

माझे असे निरीक्षण आहे की प्रेक्षक मालिकेवर संतापून ती कधीच सोडीत नाही. हा समज लेखकवर्गात फार दृढ आहे आणि तो साफ चुकीचा आहे. जो प्रेक्षक संतापतो, ‘काय हा मूर्खपणा’ म्हणून पडद्यावर खेकसतो, नायिकेला ‘अगं बये, ते पत्र उघडून तरी पाहा’ असे बजावतो, तो त्या मालिकेचा भक्तच समजावा. त्याचे भांडण घरातल्या माणसाशी असावे तसे आहे. खरी गळती निराळ्या मार्गाने होते, आणि ती घराघरांतून इतक्या समान क्रमाने होते की एखाद्या वैद्याने तिचे निदानशास्त्र लिहावे.

आरंभी, मालिका नवी असताना, त्या अर्ध्या तासात घरात बोलण्याची बंदी असते. दूरध्वनी वाजला तर तो कोणी उचलीत नाही, पाहुणा आला तर त्याला खुणेने खुर्ची दाखवली जाते, आणि पाणी मागणाऱ्या पोरास जाहिराती लागेपर्यंत तृषार्त राहावे लागते. काही महिन्यांनी ही बंदी शिथिल होते आणि भाष्ये सुरू होतात. साडीच्या काठाविषयी, दिवाणखान्यातल्या नव्या पडद्यांविषयी, नायकाच्या वाढलेल्या वजनाविषयी. येथवर सारे क्षेम आहे. पण एके दिवशी गृहिणी संचासमोर परात घेऊन बसते आणि मेथी निवडू लागते, आणि हा क्षण जाणत्याने ओळखावा, कारण मेथी निवडताना डोळे खाली असतात. मालिका येथून पुढे पाहिली जात नाही, ऐकली जाते. त्यानंतर भाजीचे काम स्वयंपाकघरात हलते, फोडणीच्या आवाजातून जेवढे संवाद तरून पलीकडे पोहोचतील तेवढ्यांवर कथेचा धागा राखला जातो, आणि मधूनच ‘कोण गं मेलं?’ असा एक प्रश्न तेथून बाहेर येतो. बाहेर बसलेल्या सुनेला उत्तर देता येत नाही, कारण तिच्या हातात तिचा मोबाइल आहे. आजोबा आरामखुर्चीत आहेत, पण निद्रिस्त आहेत. अशा रीतीने चार माणसांच्या घरात मालिका चालू असते, तिचा प्रकाश सर्वांच्या तोंडावर पडलेला असतो, आणि कोण मेले हे एकालाही सांगता येत नाही. जेथे प्रेक्षक मोजण्याचे यंत्र बसवलेले असते त्या घरी हा सारा वेळ संच चालू असल्याचे इमानाने नोंदवले जाते, आणि गुरुवारी आकडे हाती येतात तेव्हा वाहिनीच्या कचेरीत समाधानाचे निःश्वास सोडले जातात.

याला कारण काय, असे विचारल्यास बहुतेक लोक ‘कथेत दम राहिला नाही’ एवढे सांगून मोकळे होतात. माझ्या मते कथेपेक्षा काळाचा दोष अधिक. मालिकेतील काळ कोणत्याच पंचांगाला जुमानीत नाही. हळदीच्या समारंभास तेथे तीन आठवडे लागतात, दाराशी उभ्या असलेल्या खलनायिकेला उंबरठा ओलांडण्यास सोमवार ते बुधवार पुरत नाही, आणि मग एका शुक्रवारी दोन जाहिरातींच्या मधल्या अवकाशात वीस वर्षे निघून जातात. ‘होणार सून मी ह्या घरची’ या अत्यंत लोकप्रिय मालिकेतील जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की अवघ्या महाराष्ट्राने त्यावर विनोद केले. त्या विनोदांत कुचेष्टा होती हे खरे, पण त्यांत एक करुण तक्रारही होती असे मला वाटते. ज्या घरांत ती मालिका नित्यनेमाने पाहिली जात होती त्या घरांतल्या खऱ्याखुऱ्या सुना मध्यंतरी बाळंत झाल्या, बारशी झाली, पोरे पालथी पडू लागली, आणि जान्हवी आपली डोहाळेच पुरवून घेत होती. आपण म्हातारे होत आहोत आणि समोरची माणसे जागची हलत नाहीत, ही जाणीव करमणुकीला पोषक नव्हे.

पात्रांच्या बदल्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. सरकारी नोकरीत मामलेदार बदलला तर जुन्याने नव्यास कार्यभार सोपवावा, यादीवर उभयतांनी सह्या कराव्या, आणि रयतेने नव्या साहेबास मुजरा करावा अशी रीत आहे. मालिकेत हा कार्यभार नवऱ्याचा असतो, मुलांचा असतो, आणि वैराचाही असतो. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मधील गुरुनाथाच्या प्रेयसीच्या, म्हणजे शनायेच्या, जागी एके दिवशी निराळीच तरुणी येऊन उभी राहिली, आणि गुरुनाथाने ते ओळखल्याचे कोणतेही चिन्ह दाखवले नाही. ज्या मनुष्याने स्वतःच्या बायकोकडेही कधी नीट पाहिले नव्हते त्याच्याकडून तशी अपेक्षा करणेही गैर, हे मला मान्य आहे. पुढे पहिली शनाया परतही आली. तोवर इकडे त्याच्या बायकोने, राधिकेने, मसाल्यांचा धंदा काढून तो तीनशे कोटींच्या घरात नेला होता, आणि त्या कोटींचा उल्लेख इतक्या वारंवार होऊ लागला की ज्या बाया आरंभी ‘बिचारी राधिका’ म्हणून डोळे टिपत असत त्यांचे डोळे आपोआप कोरडे पडले. तीनशे कोटींच्या मालकिणीसाठी रडावयास मध्यमवर्गीय मनाची तयारी नसते. तिला सहानुभूतीपेक्षा चांगल्या हिशेबनिसाची गरज अधिक आहे, असे आमच्या घरी एकमताने ठरले.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिरस्तेदार राहतात, त्यांना माझी ही मते पसंत नाहीत. ‘तुम्ही लोक अर्ध्यावर उठता, साहेब,’ असे ते मला एकदा म्हणाले, ‘प्रकरण निकाली निघाल्याखेरीज दप्तराला दोरी बांधू नये. मी एकदा दाखल करून घेतलेली मालिका निकालापर्यंत चालवतो.’ त्यांनी खरोखरच कित्येक मालिका अशा रीतीने अखेरपर्यंत नेल्या आहेत. मी त्यांना भीत भीत विचारले की, एवढ्या चिकाटीअंती निकाल समाधानकारक लागतो काय? त्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘निकाल कसाही लागो; तारखा बंद होतात ना!’

या शिरस्तेदारांसारख्या सज्जनांचा विश्वासघात कोठे आणि कसा झाला, हे पाहावयाचे तर अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात जावे लागेल. तिकडे मालिका हंगामी असते, म्हणजे शरद ऋतूत सुरू होऊन वसंतात थांबते आणि उन्हाळाभर विश्रांती घेते. हंगामाच्या शेवटी एखाद्यास गोळी घालून ठेवावी म्हणजे प्रेक्षक चार महिने वाट पाहतो, हा शोध ‘डॅलस’ नावाच्या मालिकेने लोकप्रिय केला. मार्च १९८० मध्ये तिच्यातील जे. आर. युइंग या तेलसम्राट दुर्जनावर अज्ञात इसमाने गोळ्या झाडल्या, आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला तो इसम कोण हे उघड झाले तेव्हा सुमारे ८ कोटी ३० लाख अमेरिकन संचासमोर बसले होते. अशा वैभवशिखरावर जो बसतो त्याला खाली पाहिल्यावर भोवळ येते. १९८५ साली जे. आर.चा सुस्वभावी धाकटा भाऊ बॉबी, त्याचे काम करणाऱ्या पॅट्रिक डफी यांस मालिका सोडावयाची असल्यामुळे, मोटारीखाली सापडून सर्वांदेखत मरण पावला. पुढचा सबंध हंगाम त्याच्यावाचून चालला. मागे राहिलेल्यांनी दुःख केले, नवे संबंध जुळले, कारस्थाने शिजली. लोक मात्र मेथी निवडू लागले. तेव्हा डफी यांस परत पाचारण करण्यात आले, आणि १६ मे १९८६ रोजी बॉबीची घटस्फोटित पत्नी पॅम सकाळी झोपेतून उठते, न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज ऐकते, दार उघडते, तो आत साबण लावून बॉबी उभा! पुढच्या हंगामात उलगडा झाला की मधले सारे वर्ष हे तिला पडलेले स्वप्न होते.

या हुकमाची व्याप्ती लक्षात घ्यावी. एकतीस भाग एका फटक्यात रद्दबातल झाले. त्यांत जुळलेली लग्ने, घडलेले गुन्हे, ढाळलेली आसवे, सारे फेरफार मूळ नोंदीवरून खोडले गेले. पॅमला स्वप्न पडले ते एका रात्रीत, प्रेक्षकाला मात्र त्यासाठी दर शुक्रवारी एक असे सबंध वर्ष खर्ची घालावे लागले, आणि त्याची भरपाई मिळण्याची कोणतीही तरतूद नव्हती. गंमत याहून पुढेच आहे. ‘डॅलस’ची ‘नॉट्स लँडिंग’ नावाची एक शाखा निघाली होती, आणि तीत बॉबीचा सख्खा भाऊ गॅरी राहत असे. त्या मालिकेत बॉबीच्या मृत्यूचे रीतसर सुतक पाळून झाले होते. आता बॉबी जिवंत असल्याचे मान्य करावे तर स्वतःचेही एक वर्ष बुडते. तेव्हा तिच्या चालकांनी या पुनरुत्थानाकडे सरळ डोळेझाक केली. परिणाम असा की एकाच वाहिनीवर एकच मनुष्य एका मालिकेत रोज न्याहारी करीत होता आणि दुसरीत कायमचा कैलासवासी होता. आमच्या शिरस्तेदारांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते अस्वस्थ झाले आणि वारसाच्या दाखल्याचे काय केले असे विचारते झाले. बॉबी परतल्यावरही ‘डॅलस’ पहिल्या दहा मालिकांत राहिली नाही. वर्षागणिक खाली उतरत ती १९९१ पर्यंत चालली, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या तारखेतील अंतर तेथेही बरेच पडले.

मृतास परत आणावयाचेच तर त्याला अधिक सभ्य मार्ग आहेत, आणि अशा एकाचा शोध आपल्या सिंधुदुर्गात लागला हे मी अभिमानाने नमूद करतो. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा पहिला भाग २०१६ साली आला तो अण्णा नाईकांच्या मृत्यूने. आकेरीच्या त्या वाड्यात, त्या मालवणी बोलीत आणि पांडू या पात्राच्या अर्धवट वाक्यांत लोकांचा जीव गुंतला, पण ज्यांच्याविषयी सगळे बोलत ते अण्णा तर आरंभीच गेलेले. २०१९ साली दुसऱ्या भागात लेखकाने काळ मागे नेला आणि अण्णांना त्यांच्या भर उमेदीत, कोणतेही स्वप्न न पाडता, कायदेशीरपणे उभे केले. त्यांची प्रेयसी शेवंता आली, आणि महाराष्ट्रातील पुष्कळ सद्गृहस्थ, ज्यांना आजवर रात्री साडेदहानंतर जाग राहत नसे, त्यांना अचानक जागरण मानवू लागले. उत्तरार्ध पूर्वार्धाला मागे टाकू शकतो हे भवभूतीनंतर प्रथमच सिद्ध झाले, असे म्हणण्याचा मला मोह होतो. पण २०२१ साली तिसरा भाग निघाला. आता अण्णा भूत होते, शेवंताही भूत होती, आणि मध्येच शेवंतेची भूमिका करणारी नटीही बदलली. मनुष्य अकस्मात कोणते पाप करील याचे भय वाटते. भुताचे तसे नाही, भूत काय करणार हे सर्वांना ठाऊक असते, ते दिसणार. रोज रात्री ठरल्या वेळी दिसणाऱ्या भुताचा घरोबा होतो. आमच्या घरची एक पाच वर्षांची मुलगी अण्णा पडद्यावर येताच त्यांना ‘अण्णा, जेवलास काय?’ असे विचारू लागली, तेव्हा भयरसाचा कारभार आटोपल्याचे मी समजलो.

आता एवढे सारे असूनही लोकांचे मन कसे चालते पाहा. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही हिंदी मालिका २००० साली सुरू झाली, १८०० हून अधिक भाग चालली, आणि आकडे घसरल्यामुळे २००८ च्या नोव्हेंबरात बंद पडली. तीतील नायक मिहीर २००१ साली वारला तेव्हा देशभर हलकल्लोळ झाला, म्हणून त्याला परत आणण्यात आले. मग नट बदलला, पुन्हा बदलला. मधून मधून वीस वीस वर्षांच्या उड्या पडल्या. आणि सर्वांच्या वर असलेल्या बा या वृद्धेने तर इतक्या पिढ्या पाहिल्या की तिच्या वयाचा हिशेब करणे हा एक राष्ट्रीय छंद होऊन बसला. आमच्या मावशींनी ती मालिका पहिल्या दिवसापासून धरली आणि केव्हातरी सोडली. केव्हा, ते त्यांना सांगता येत नाही. २९ जुलै २०२५ रोजी तीच मालिका, तीच नायिका तुलसी आणि अगदी पहिला मिहीर घेऊन परत आली, तेव्हा मावशींनी पंधरा दिवस आधीपासून घरात वर्दी दिली, त्या रात्री जेवणे लवकर उरकली, आणि साडेदहाला संचासमोर ठाण मांडले.

‘मावशी, मधली एवढी वर्षं तुम्ही पाहिली नाहीत, तुम्हाला लागणार कसं?’ मी विचारले.

‘अरे, तुलसी तीच आहे, मिहीर तोच आहे,’ त्या म्हणाल्या, ‘मधलं ते त्यांचं त्यांनी बघून घेतलं असेल. तू आता बोलू नकोस.’

त्या रात्री खरोखरच कोणी बोलले नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. पुढे श्रावण सरला, उपासतापास आटोपले, आणि एकदा मी दिवाणखान्यातून जात असता तुलसी कोणाला तरी काही गंभीर गोष्ट सांगत होती, तोच मावशींनी पडद्यावरची नजर न काढता आत हाक मारली, ‘अगं, त्या चवळीच्या शेंगा आण गं इकडे. बसल्या बसल्या मोडून होतील.’